अंबुजाअक्कांचं मत

अंबुजाअक्का कुणाच्याही पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत. दुसऱ्यावरही नाही. तिसरं उत्तर आलं की तिन्हींची बेरीज करतात, तीनने भागतात, आणि जे उरेल त्यालाच खरं म्हणतात.

माझं नावसुद्धा त्यांनी तीनदा विचारलं होतं. वेस्ट मांबलममधल्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत मी भाड्याने राहायला आले, त्या दिवशीची गोष्ट. चेन्नईच्या उकाड्यात मी जिन्यावरून बॅगा ओढत होते. वरून एक ठेंगणी बाई उतरली. अंगावर सुती साडी, गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. तिने तमिळमध्ये नाव विचारलं. मी म्हटलं, मुक्ता. जिन्याच्या वळणावर बॅग अडकली तेव्हा बाई म्हणाली, काय नाव म्हणालीस? मुक्ता. मी पहिल्या मजल्यावर कुलूप उघडत होते, तर ती पुन्हा मागे उभी. आणि नाव? मी चिडून मराठीत पुटपुटले, "मुक्ता, मुक्ता, मुक्ता. पाटी लावू का?" बाईंचे डोळे चमकले.

"मराठी का तूं? सरि. नांव जुळतं," त्या म्हणाल्या आणि भाजी आणायला निघून गेल्या.

सरि म्हणजे बरं, ठीक. अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज तिकडे गेले त्याला शतकं उलटली, आणि त्यांची मराठी तेव्हापासून जी तिकडे राहिली ती महाराष्ट्राची हवा न लागता. शब्द बखरीतले, हेल तमिळ, आणि मध्येमध्ये हे सरि. मी मिरजेची, हे मी त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं, तरी त्या जगाला माझी ओळख 'पुण्याची पोर' अशीच करून देतात. तेवढा एक अपवाद सोडला तर त्यांचं शास्त्र कडक आहे.

अक्का एका मुलींच्या कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होत्या. आयुष्यभर त्यांनी पोरींना एकच शिकवलं: डोळा काट्याच्या बरोब्बर समोर ठेव, तीन रीडिंग घे, मग तोंड उघड. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने शाल आणि चांदीचा दिवा दिला. स्टॉपवॉच त्यांचं त्यांनीच आणलं. ते परत करायला आपण तीनदा गेलो होतो आणि तिन्ही वेळा कारकून जागेवर नव्हता, असं त्या सांगतात. त्यांनी लग्न केलं नाही. का, हे मी एकदाच विचारलं. एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या देत नाहीत.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे आता आकड्यांचा वजनकाटा आहे. तरी अक्का त्याच्यासमोर गुडघ्यात वाकतात, डावा डोळा मिटतात आणि आकड्यांवर नेम धरतात. मी म्हटलं, अक्का, आकडे आहेत हो, कुठूनही तेच दिसणार. त्यावर म्हणाल्या, सवय मोडली की चूक शिरते. भाजीवाला आता न सांगताच त्यांची वांगी तीनदा उचलतो आणि तीनदा ठेवतो. मागच्या गिऱ्हाइकांना वाटतं, कसली तरी पूजा चालली आहे.

डॉक्टर रक्तदाब एकदाच बघतात, म्हणून अक्का खुर्चीवरून उठत नाहीत. पुन्हा बघा. परत बघा. मग बाहेर बाकावर बसून सरासरी काढतात, आत जातात आणि डॉक्टरांना त्यांचा आकडा कितीने चुकला ते सांगून येतात. टी. नगरच्या एका साडीच्या दुकानात एकच साडी त्यांनी तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून मोजून घेतली. तीन लांब्या आल्या. अक्कांनी तिन्ही विक्रेत्यांना एका रांगेत उभं केलं आणि मोजताना कापड ताणायचं नसतं, यावर सणाच्या गर्दीत एक तास घेतला. दुकानाच्या मालकाने त्यांना थंड सोडा दिला, मानाने रिक्षापर्यंत सोडलं, आणि रिक्षावाल्याला सांगितलं म्हणे, लांब सोड.

अशा बाईकडे मी स्मार्ट मीटरच्या विरोधाचं पत्रक घेऊन गेले, यात दोष पूर्णपणे माझा आहे.

आता थोडं मीटरबद्दल. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासनीस आहे, पण ते पोटासाठी. शनिवारी संध्याकाळी एग्मोरला स्टेशनसमोरच्या हॉटेलात आमचा ग्राहकांचा गट जमतो, ते मनासाठी. आम्ही सात जण आहोत आणि आमचं म्हणणं स्पष्ट आहे. आज दोन महिन्यांनी एक माणूस दारात येतो, मीटर बघतो, आकडा लिहितो. त्याच्याशी भांडता येतं. उद्या हा माणूस जाणार, त्याची नोकरी जाणार, आणि त्याच्या जागी एक डबा येणार, जो कुणाला तरी कुठेतरी परस्पर कळवत राहणार. भांडायचं कुणाशी? डब्याशी?

आमच्या गल्लीत हे मीटर अजून ऐच्छिक होते. मागेल त्या इमारतीला आधी. पण आमचे आठही मीटर जिन्याखालच्या एकाच फळीवर, त्यामुळे घ्यायचे तर आठांनी नाहीतर कुणीच नाही. नियम ठरला: रविवारी गच्चीवर सभा, पाच घरं हो म्हणाली तर मीटर येणार. सेक्रेटरी वेंकटेशन, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर, हे मीटरच्या बाजूने. माणसाने अपडेट राहायला पाहिजे, हे त्यांचं घोषवाक्य. घरातलं कॅलेंडर मात्र मागच्या वर्षीचं. त्यांच्या बाजूने चार घरं पक्की. माझ्या बाजूने तीन, त्यात माझं मत धरून. माझे घरमालक बेंगळुरूला असतात आणि 'असली कटकट तूच बघ' म्हणून त्यांनी मत मला दिलं होतं. उरलं आठवं घर, अक्कांचं. त्या नाही म्हणाल्या तर चार-चार, आणि मीटर येत नाही. हो म्हणाल्या तर संपलं. आणि ज्या कार्यकर्तीला स्वतःची इमारत राखता आली नाही, तिने गल्लोगल्ली पत्रकं कोणत्या तोंडाने वाटायची?

मी निर्धास्त होते. भाजीवाल्याच्या काट्यावर जिचा विश्वास नाही, ती बाई असल्या डब्यावर ठेवणार होय?

अक्कांनी पत्रक ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दाराच्या फटीतून आत आलं. लाल पेनने तपासलेलं.

'जनतेची लूट', यासमोर लिहिलं होतं: जनता किती? लूट किती? कोणी मोजली? 'तज्ज्ञांच्या मते', यासमोर: नाव? 'प्रचंड बिलं येणार', यासमोर: प्रचंड हे माप नाही. खाली: उद्गारचिन्हे अकरा, कारण एकाचेही दिलेले नाही. शेवटी वर्तुळात: दहापैकी दोन. अक्षर सुवाच्य.

कॉलेजपासून मी पत्रकं लिहिते आहे. माझी पत्रकं लोकांनी फाडली आहेत, त्यांत शेंगदाणे बांधले आहेत, एकदा एका पोलिसाने त्यांनी वारा घेतला आहे. पण मार्क कुणी दिले नव्हते. मी तणतणत चौथ्या मजल्यावर गेले. टेबलावर सेक्रेटरींनी वाटलेलं मीटरचं गुळगुळीत माहितीपत्रकही पडलं होतं. त्याला दीड होता. 'चित्रातील बाई मीटरकडे पाहून हसत आहे. हसण्याजोगे काय, ते दिलेले नाही.' जरा बरं वाटलं.

अक्कांचं म्हणणं असं होतं, की नव्या मीटरवर बोलण्याआधी जुना तपासला पाहिजे. जुना बरोबर चालत असेल तर सेक्रेटरीला नवा कशाला हवा? आणि जुना चुकत असेल तर मी त्याच्या बाजूने का भांडते आहे? या दोन्ही प्रश्नांना माझ्या पत्रकात जागा नव्हती.

म्हणून सभेच्या आधीच्या रविवारी आमचा प्रयोग झाला. ऐन उन्हाळा, झाडाचं पान हलत नव्हतं. अक्कांनी घरातलं सगळं बंद केलं, पंखा, फ्रिज, देवासमोरचा छोटा दिवासुद्धा. चालू ठेवायचा फक्त पाणी तापवायचा रॉड, बादलीत. मीटरवर एक लाल दिवा असतो. जेवढी वीज जास्त, तेवढा तो भरभर लुकलुकतो. मी जिन्याखाली बसून पाच मिनिटांत तो किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. वेळ अक्का धरणार, वर, रॉडजवळ. सुरुवात आणि शेवट कळवायला चौथ्या मजल्यावरून स्टीलच्या ताटावर पळी आपटायची. आणि हे अर्थातच तीनदा.

ठण्ण. मी मोजायला लागले. ठण्ण. दोनशे साठ. बादलीत नवं पाणी भरलं गेलं. ठण्ण. दुसऱ्यांदा दिवा झोप लागल्यासारखा मिचमिचत होता. बारा. तिसऱ्यांदा त्याच्या अंगात आलं. चारशेच्या पुढे मी मोजणं सोडलं.

मी आनंदाने वर ओरडले की मीटर भंगार आहे. आणि लगेच जीभ चावली, कारण जुना मीटर भंगार निघणं माझ्या सोयीचं नव्हतं.

अक्का खाली आल्या. तीन आकडे वहीत लिहिले. रॉड तोच, पाणी तितकंच, वेळ तीच. चूक आधी डोळ्यात शोधायची आणि मग यंत्रात, असं म्हणत त्यांनी गुडघे वाकवले, डावा डोळा मिटला आणि मीटरखाली रंगवलेला घराचा नंबर वाचला. मग माझ्याकडे बघितलं. पंधरा मिनिटं मी घाम गाळत सेक्रेटरींचा मीटर मोजत होते.

नेमके तेव्हाच सेक्रेटरी जिन्यावर उगवले. मीटरविरोधी पत्रकं वाटणारी बाई आपल्याच मीटरपुढे टॉर्च घेऊन आकडे पुटपुटत बसली आहे, हे त्यांनी वरून बराच वेळ पाहिलं होतं. करंट चोरतेय, असं त्यांनी जाहीर केलं. दारं उघडली. तळमजल्याचा शिंपी कात्री घेऊन बाहेर आला. मी नागरी हक्कांवर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कांनी वही वर धरली आणि शांतपणे तमिळमध्ये वाचून दाखवलं: पहिल्या पाच मिनिटांत तुमच्याकडे इस्त्री चालू होती. पुढच्या पाचांत फक्त पंखा. नंतरच्या पाचांत एसी. दिवसा एसी लावायचा नाही, असं तुम्हीच गेल्या सभेत सगळ्यांना सांगितलं होतं, नाही का?

सेक्रेटरींच्या मागे त्यांच्या पत्नी देवळातून परत येऊन उभ्या होत्या. दिवसा एसी लावायचा नाही हा नियम सेक्रेटरींनी घरात पत्नीलाही लावला होता. त्या फक्त म्हणाल्या, "मी गेले की लावता होय?" आणि वर निघून गेल्या. सेक्रेटरी त्यांच्या पाठोपाठ, अपडेट द्यायला.

जिन्याखाली उभ्या उभ्या मला माझा मुद्दा सापडला. एका लुकलुकत्या दिव्यावरून, दाराची बेलही न वाजवता, आम्हाला एका घरातली अंदरकी बात कळली होती. नवा मीटर तर हे दिवसरात्र टिपणार आणि दूर पाठवणार.

त्या आठवड्यात मी पत्रक नव्याने लिहिलं. 'लूट' काढली, 'प्रचंड' काढलं, अकराही उद्गारचिन्हं काढली. साधं लिहिलं: हा मीटर तुमचा वापर दर अर्ध्या तासाने कळवतो. तुम्ही कधी उठता, अंघोळीचं पाणी कधी तापवता, घरात कधी काहीच हालचाल नसते, हे बघणाऱ्याला मोबाइलवर बसल्या जागी कळेल. हे तुम्हाला चालेल का?

शनिवारी एग्मोरला जायच्या आधी ते अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि लाल पेन उघडलंच नाही.

"हें खरं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के. त्यांनी कॉफी गाळली, माझ्यापुढे ठेवली आणि पुन्हा विचारलं. हो. मीटरचं अॅप ज्याच्या फोनमध्ये, त्याला वापराची रोजची रेघ दिसते, वर गेलेली, खाली आलेली. मग म्हणाल्या, तें अॅप दुसऱ्याच्या फोनांत ठेवतां येतं? मी टेबलावर हात आपटला. "तेच तर अक्का! धोका तोच आहे."

"आणि खरं आहे हें," अक्का म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा हो म्हटलं. पत्रकावर नऊ मार्क पडले. सेक्रेटरीला दीड आणि मला नऊ. एग्मोरला मी सगळ्यांना सांगितलं, आमची इमारत वाचली.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. सतरंजीवर एका बाजूला चार घरं, एका बाजूला आम्ही तीन, आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर अक्का. सेक्रेटरींनी हो म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. चार हात वर गेले. मग अक्कांचा.

क्षणभर सेक्रेटरी आनंदायचंच विसरले. मी मात्र विसरले नाही. मी सगळ्यांदेखत भांडले. मराठीत भांडले, म्हणजे निदान सगळ्यांना कळणार तरी नाही. म्हटलं, तुम्ही स्वतः मला नऊ मार्क दिलेत. तुम्हाला सगळं पटलं होतं. मग हा काय पोरखेळ? माझं संपल्यावर अक्का म्हणाल्या, खालीं ये, आणि स्टॉपवॉच सावरत जिना उतरू लागल्या.

त्यांच्या टेबलावर मीटरचा संमतीचा फॉर्म तयार होता. नाव, घर नंबर, सगळं भरलेलं. एक चौकोन रिकामा: अॅपसाठी दुसरा मोबाइल नंबर.

"तुझा घालते," अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, माझा का म्हणून? मी या मीटरच्या विरोधात आहे. अक्कांनी त्यांची कच्ची वही काढली. कॉलेजातल्या पोरींना जसं शिकवलं, तशीच ती असते, इंग्रजीत, शाईने, काही न खोडता. त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच होता:

'न्हाणीघरात पाय घसरला. पडले: ५.५०. उठले: ९.२५. या वेळात दारावर कोणी आले नाही.'

खाली एक सरळ रेघ, आणि रेघेखाली: 'प्रयोग पुन्हा करणे नाही.'

मी तारीख बघितली. माझ्या सुट्टीचा दिवस होता तो. मी तीन मजले खाली, कानात गाणी घालून, जनतेच्या हक्कांवर लिहीत होते.

मला राग आला की मी मोठ्याने बोलते. मी म्हटलं, फोन करायचा होता. अक्का म्हणाल्या, फोन स्वयंपाकघरांत होता, मी न्हाणीघरांत. मी म्हटलं, मग हाक मारायची होती.

"मारली की. दोनदां." त्या वही बंद करत म्हणाल्या. "मग सुचेना, कोणाच्या नांवानं मारायची."

मी खुर्चीत बसले. वर गच्चीवरून सतरंजी झटकल्याचा आवाज आला. मग मी विचारलं, की तंजावरला तुमचा सख्खा भाऊ आहे ना, त्याचा नंबर का नाही?

"त्याला दिला तर तो तेथें बसून काळजी करील. तूं वर येऊन भांडशील." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "सकाळीं सहाला रॉड लावते मी. सातपर्यंत रेघ वर गेली नाहीं तर किल्ली शिंप्याकडे आहे."

मी म्हटलं, मी पत्रकं वाटणं थांबवणार नाही. गल्लीत दुसऱ्या कुठल्याही इमारतीत हा मीटर येऊ देणार नाही.

"नकोच थांबवूंस. मुद्दा बरोबर आहे तुझा."

मग एक मार्क कुठे कापला, मी विचारलं.

"बघणाऱ्याला कळेल, असं लिहिलंस. बघणारा कोण, तें लिहिलं नाहींस."

मी नंबर लिहिला.

मीटर पंधरवड्यात बसले. एग्मोरच्या गटात माझी यथेच्छ टिंगल झाली. आमच्यातला एक जण अजून मला 'स्मार्ट मॅडम' म्हणतो. मी अजूनही पत्रकं वाटते, आणि त्यातला तो परिच्छेद शब्द न बदलता तसाच आहे, कारण तो खरा आहे. कुणी कुणाच्या घरात डोकावायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, वीज खात्याने नव्हे, यावर मी आजही कुणाशीही वाद घालायला तयार आहे. फक्त सकाळी सातच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसले की मी आधी फोन उघडते. रेघ वर गेलेली असते. मग मी डोळे मिटते, आणि कारखाना येईपर्यंत झोपते.

परवा दुपारची गोष्ट. अडीच वाजता कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सहज फोन बघितला, तर अक्कांची रेघ आभाळाला टेकलेली. दुपारी. मे महिन्यात. जिथे नळालाच गरम पाणी येतं तिथे. रॉड चालू राहिला असेल, बाई कुठेतरी पडली असेल, बादलीतलं पाणी आटत असेल. मी शिंप्याला फोन लावायच्या आधी अक्कांना लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

मी ओरडलेच. कुठे आहात, पडलात का, रॉड का चालू आहे?

पलीकडे पंखा घरघरत होता.

"कांहीं नाहीं," अक्का म्हणाल्या. "तूं बघतेस की नाहीं, तें पाहात होते."

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. विजेची नासाडी, पाण्याची नासाडी, माझ्या जिवाला घोर. अर्धा तास पाणी उकळत ठेवून फोनपाशी बसायचं हे काय वय आहे का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जेवतेय. त्यांनी रॉडचं बटण बंद केलं, ते मला फोनमधून ऐकू आलं.